चार मिनिटं, चार तास

इंदुरात ग्रीन कॉरिडॉर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री नऊनंतर सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात, त्यांच्याच ओट्यांवर भट्ट्या पेटतात, आणि दहीबड्याचा नाहीतर भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात घेऊन उभी असलेली माणसं त्या दिवशीच्या कॉरिडॉरची बातमी एकमेकांना सांगतात. अवयवाची गाडी कुठल्या हॉस्पिटलातून निघाली, कुठले चौक अडवले होते, विमानतळ किती मिनिटांत गाठला. ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हृदय गेलं का?

पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असतं. मूत्रपिंडं शहरातच कामी येतात, यकृतही बहुधा लागतं, डोळे आणि त्वचा पेढीत जातात. हृदय आणि फुप्फुसं मात्र कित्येकदा दात्याबरोबरच जातात. घरच्यांनी होकार दिलेला असतो, डॉक्टर तयार असतात, पोलिस रस्त्यावर उभे असतात, तरीही.

इंदूरचा पहिला ग्रीन कॉरिडॉर ऑक्टोबर 2015 मधला. तेव्हाचे विभागीय आयुक्त संजय दुबे यांनी अवयवदानाचा विषय सरकारी फायलीतून बाहेर काढला. एमजीएम मेडिकल कॉलेज, खासगी हॉस्पिटलं, वाहतूक पोलिस आणि विमानतळ यांना एका टेबलाशी बसवलं. इंदूर सोसायटी फॉर ऑर्गन डोनेशन उभी राहिली. मुस्कान ग्रुप या स्वयंसेवी संस्थेचे सेवादार रात्री-अपरात्री आयसीयूच्या बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलू लागले. त्या पहिल्या खेपेला यकृत विमानानं गुरुग्रामला गेलं. दहा वर्षांत असे कॉरिडॉर साठाच्या वर गेले. महानगर म्हणता येणार नाही अशा शहरासाठी हा आकडा मोठा आहे आणि इंदूरकरांना त्याचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं, कारण होळकरांच्या या गावाकडे ते अजून पोहे आणि शेव यांच्या पलीकडे फारसं पाहत नाहीत.

पण हृदयाचं गणित वेगळं आहे. मूत्रपिंड बर्फात चोवीस तास आणि त्याहूनही जास्त टिकतं. यकृताला दहा-बारा तास मिळतात, फुप्फुसांना सहा ते आठ. हृदयाला चार. या चार तासांत ते दात्याच्या छातीतून बाहेर काढायचं, पेटीत घालायचं, विमानतळ, विमान, पुन्हा विमानतळ, पुन्हा रस्ता, आणि मग दुसऱ्याच्या छातीत बसवून त्यात रक्त सोडायचं. नुसत्या टाके घालण्यालाच पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे प्रवासाला उरले तीन तास. इंदूर ते मुंबई विमानाला एक तास, दिल्लीला दीड. जमतं, पण सगळं बिनचूक झालं तरच. इंदुरात हृदय प्रत्यारोपणाची सोय नसल्यामुळे इथल्या हृदयाला कायम दुसरं शहर गाठावं लागलं. काही हृदयं मुंबईला पोहोचली, काही दिल्लीला. जुळता रुग्ण तेवढ्या वेळात सापडला नाही, किंवा विमान मिळालं नाही, तेव्हा राहिली.

अवयवाच्या वाटपात आधी त्याच शहराचा आणि राज्याचा विचार होतो. तिथे घेणारा नसेल तर पश्चिम विभागाचं कार्यालय पाहतं, मग सारा देश. महाराष्ट्र, गुजरात, गोवा, छत्तीसगड यांच्यासोबत मध्य प्रदेशही या पश्चिम विभागात येतो आणि त्याचं कार्यालय मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलात आहे. इंदूरच्या आयसीयूतल्या हृदयासाठी राज्याबाहेर घेणारा शोधायचा असला की तो शोध केईएमच्या दिशेनं सुरू होतो. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं तेही याच केईएममध्ये.

16 फेब्रुवारी 1968. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलात जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं त्याला अडीच महिनेही झाले नव्हते. जगात तोवर पाच झाली होती. सहावं परळला झालं. शल्यचिकित्सक होते डॉ. प्रफुल्ल कुमार सेन. जन्म कलकत्त्याचा, पण वाढले नागपुरात आणि शिकले केईएममध्येच. त्यांच्या बरोबर डॉ. जी. बी. पारुलकर होते, जे पुढे केईएमचे अधिष्ठाता झाले. बर्नार्ड यांची बातमी वाचून उत्साहात घेतलेला हा निर्णय नव्हता. सेन यांचा चमू केईएमच्या प्रयोगशाळेत आधी कित्येक वर्षं कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग करत होता. सेन यांची बुद्धी कुठे कुठे जायची याचा एक नमुना सांगतो. सापाच्या हृदयाच्या भिंतीला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून मिळतं, हे पाहून त्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईनं बारीक छिद्रं पाडून तसाच रक्तपुरवठा करून पाहिला होता. पुढे लेझरनं असेच मार्ग पाडणारे आले तेव्हा सेन यांचं नाव पुन्हा निघालं.

तो रुग्ण तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात सेन यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं, तो रुग्ण चौदा तास जगला. 1968 या एका वर्षात जगभरात शंभरावर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. एकामागून एक केंद्रांनी हे काम सोडून दिलं. अमेरिकेत स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांनी मात्र ते चिकाटीनं चालू ठेवलं. हृदय शिवायचं कसं, हे शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी 1960 मध्येच कुत्र्यांवर दाखवून दिलं होतं. अडचण हाताची नव्हतीच. परकं हृदय शरीर नाकारतं, त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता.

उत्तर नॉर्वेतल्या एका पठाराच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून आलं. बासेलच्या सँडोज कंपनीत जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांनी सायक्लोस्पोरिनचा गुण ओळखला, 1983 मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली आणि सोडून दिलेली ऑपरेशन थिएटरं पुन्हा उघडली. 1973 मध्ये स्टॅनफर्डलाच फिलिप केव्हज यांनी मानेच्या शिरेतून बारीक चिमटा उजव्या कप्प्यात नेऊन स्नायूचे मिलिमीटरभराचे तुकडे काढायची युक्ती शोधली होती. नकार सुरू झालाय का, ते रुग्णाला कळायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली कळू लागलं. प्रत्यारोपणाच्या यशात या चिमट्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

आपल्याकडे आणखी एक अडसर होता. सेन यांनी ऑपरेशन केलं तेव्हा माणूस मेला कधी, याचं कायद्यातलं उत्तर एकच होतं: हृदय थांबलं की. थांबलेलं हृदय मग घ्यायचं कसं? मेंदूचा मृत्यू म्हणजे काय याची व्याख्या हार्वर्डच्या समितीनं मांडली ती ऑगस्ट 1968 मध्ये. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेत संमत व्हायला 1994 उजाडलं. त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. आज 3 ऑगस्ट हा भारताचा अवयवदान दिन आहे. मुंबईला अजून एकवीस वर्षं थांबावं लागलं. 3 ऑगस्ट 2015 ला, योगायोगानं त्याच तारखेला, पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस हॉस्पिटलात डॉ. अन्वय मुळे आणि त्यांच्या चमूनं एका तरुणाच्या छातीत बसवलं. सेन यांच्यानंतर मुंबईत सत्तेचाळीस वर्षांनी. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत इंदूरचा पहिला कॉरिडॉर झाला. मध्य भारतातल्या हृदयाला जवळ एक पत्ता मिळाला.

खुद्द केईएममध्ये पुन्हा हृदय प्रत्यारोपण झालं ते जुलै 2024 मध्ये. मधे छप्पन्न वर्षं गेली. सार्वजनिक रुग्णालयात, महापालिकेच्या पैशानं, गरीब माणसाला हे मिळू शकतं, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झालं. मला ही घटना कुठल्याही कृत्रिम हृदयापेक्षा मोठी वाटते.

प्रत्यारोपण सुरू होतं आयसीयूत, आणि तिथं काय चालतं हे लोकांना ठाऊक असायला हवं, कारण अवयवदानाबद्दलचे बहुतेक संशय तिथेच उगवतात. अपघातात डोक्याला मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस व्हेंटिलेटरवर आहे. छाती वरखाली होतेय, अंग कोमट आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत. मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेन स्टेम, जिवंत आहे का, हे कायद्यानं ठरवलेले चार डॉक्टर पाहतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही त्यात चालत नाही. डोळ्यात उजेड टाकला तर बाहुली आकसते का. बुबुळाला कापसानं स्पर्श केला तर पापणी मिटते का. कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे हलतात का. श्वासनळीत नळी घातली तर खोकला येतो का. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला काढतात, नळीतून प्राणवायू चालू ठेवतात, आणि सगळे छातीकडे पाहत उभे राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. जिवंत मेंदूला तो सहन होत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच. पातळी साठाच्या वर गेली आणि तरीही छाती हलली नाही, तर चाचणी पूर्ण होते. सहा तासांनी सगळं पुन्हा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर तो माणूस मृत.

कोमातला माणूस आणि हा माणूस यांत फरक आहे, आणि तो नातेवाइकांना शांतपणे, घाई न करता सांगणारं कुणीतरी तिथे हवं. इंदुरात ते काम समन्वयक आणि सेवादार करतात. होकार मिळाल्यानंतरही दहा-पंधरा तास जातात. मेंदू गेला की शरीराचा तोल जातो. रक्तदाब कोसळतो, लघवी अखंड होत राहते, क्षार बिघडतात. आयसीयूतले डॉक्टर आणि सिस्टर त्या देहाला जिवंत रुग्णाइतक्याच काळजीनं सांभाळतात, कारण आता त्यात आणखी चार-पाच जणांचा जीव अडकलेला असतो. वर्तमानपत्रात फोटो सर्जनचा आणि पेटीचा छापून येतो. त्या सिस्टरचा येत नाही.

मग घड्याळ. मुंबईहून आलेला चमू दात्याची छाती उघडतो. सर्जन हृदय डोळ्यांनी पाहतो आणि बोटानं चाचपतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मऊ लागतायत का, कुठे चुन्याचा खडा हाताला लागतोय का, हे बोटाला कळतं. हृदय चांगलं आहे, असा फोन मुंबईला जातो आणि तिकडे रुग्णाला भूल दिली जाते. इकडे महाधमनीवर चिमटा बसतो, पोटॅशियम असलेलं थंडगार द्रावण आत सोडलं जातं, हृदय थांबतं. त्या क्षणापासून चार तास. तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेलं हृदय बर्फाच्या पेटीत जातं.

मुंबईत रुग्णाचं जुनं हृदय बाहेर येतं. वर्षानुवर्षं फुगत गेलेलं, सैल, नेहमीच्या दुप्पट मोठं. काही मिनिटं छातीत हृदयच नसतं, रक्त हार्ट-लंग मशीन फिरवतं. सराफ्यातला कारागीर दिवसा डोळ्याला भिंग लावून कडीला कडी जोडतो, तसंच भिंग लावून सर्जन निळ्या दोऱ्यानं आधी डावा वरचा कप्पा शिवतो, मग महाधमनी, फुप्फुसाची धमनी आणि दोन्ही महाशिरा. शेवटच्या टाक्याआधी आतली हवा काढून टाकतात, कारण हवेचा एक बुडबुडा मेंदूत गेला तरी सगळं वाया जाऊ शकतं. चिमटा सुटतो, उबदार रक्त शिरतं. हृदय आधी थरथरतं, कधी विजेचा एक झटका द्यावा लागतो, आणि ठोके लागतात.

हे हृदय पुढे थोडं वेगळं वागतं. त्याच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून मेंदूचा निरोप त्याला थेट मिळत नाही. आरामातही ते शंभराच्या आसपास धडधडतं. जिना चढताना ठोके हळूहळू वाढतात, रक्तातून अड्रेनालिन पोहोचेल तसे, आणि थांबल्यावरही काही वेळ जोरातच पडत राहतात. त्याच्या धमन्या तुंबल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. म्हणून तपासण्या आयुष्यभर, टॅक्रोलिमससारखी औषधं आयुष्यभर. या शिस्तीत राहिलेले निम्म्याहून जास्त रुग्ण बारा वर्षांपलीकडे जातात. 1968 च्या तीन तासांपासून इथवर.

फुप्फुसांची गोष्ट जास्त अवघड आहे. जेम्स हार्डी यांनी 1963 मध्ये मिसिसिपीत पहिलं फुप्फुस बसवलं, रुग्ण अठरा दिवस जगला. हृदय आणि दोन्ही फुप्फुसं एकत्र बसवण्याचं पहिलं यश 1981 मध्ये स्टॅनफर्डच्या ब्रूस राइट्झ यांना मिळालं. भारतात ते चेन्नईच्या डॉ. के. एम. चेरियन यांनी 1999 मध्ये केलं. फुप्फुस हा शरीरातला बाहेरच्या हवेला थेट भिडणारा अवयव. व्हेंटिलेटरवर दोन दिवस राहिला तरी त्यात पाणी भरतं, जंतू शिरतात. दहा दात्यांपैकी जेमतेम दोघांची फुप्फुसं घेण्याजोगी निघतात. इथं टोरंटोच्या शाफ केशवजी यांच्या चमूनं मोठी वाट उघडली. बाहेर काढलेली फुप्फुसं पारदर्शक घुमटाखाली ठेवायची, अंगाच्या उष्णतेवर आणायची, त्यांतून खास द्रावण फिरवायचं, त्यांना श्वास द्यायचा, आणि चार-सहा तास तपासायची. जी आधी टाकून दिली असती ती सुधारतात आणि वापरता येतात.

हृदयाच्या पेटीतही हाच बदल घडतोय. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये 2014 मध्ये, आधी थांबलेलं हृदय पेटीत उबदार रक्तावर पुन्हा चालवून बसवण्यात आलं. ठोके पडणारं हृदय प्रवास करू लागलं. दुसरी पेटी हृदयाला थंडच ठेवते, पण बर्फात न बुडवता प्राणवायू असलेलं गार द्रावण त्यातून फिरवत राहते. 2024 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये सांगितलं की अशा पेटीतून कॅरिबियन बेटावरून एक हृदय साध्या प्रवासी विमानानं अटलांटिक ओलांडून पॅरिसला आणलं. बारा तास. ते बसवलं आणि चाललं.

इंदूरसाठी याचा अर्थ सरळ आहे. चाराचे बारा तास झाले तर चेन्नई, कोची, गुवाहाटी, कुठलाही जुळता रुग्ण हाताशी येतो. रात्री अडीचला खास विमान मागवायची धावपळ उरत नाही, सकाळचं विमान पुरतं. आज राहून जाणारी हृदयं जाऊ लागतील. या पेट्या आज फार महाग आहेत. त्यातला दर वेळी बदलावा लागणारा संचच कित्येक लाखांचा. पण सरकार विमानाला पैसे देतं तर पेटीलाही द्यावेत, पश्चिम विभागासाठी अशा दोन-तीन पेट्या असाव्यात आणि जिथे दाता असेल तिथे त्या जाव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

जवळचा पत्ताही आता तयार झालाय. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या एम्समध्ये मध्य प्रदेशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं. हृदय जबलपूरहून हवाई रुग्णवाहिकेनं आलं. इंदूरहून भोपाळ दोनशे किलोमीटरही नाही. त्याच वर्षी राज्य सरकारनं अवयवदात्याला अखेरचा निरोप देताना मानवंदना द्यायचं ठरवलं. ज्यांच्या घरी हे घडतं ते बहुतेक शेतकरी, मजूर, छोटे दुकानदार असतात. पोलिसांच्या तुकडीनं त्यांच्या माणसाला सलामी देणं योग्यच आहे.

ज्यांच्यासाठी हृदय वेळेत येत नाही त्यांच्यासाठी यंत्रं आहेत. डाव्या कप्प्याला जोडलेला पंप, ज्यातलं चाक चुंबकानं अधांतरी तरंगतं. रक्त अखंड वाहतं, म्हणून अशा माणसाची नाडी हाताला नीट लागत नाही. कमरेला बॅटरी, रात्री प्लग. जुलै 2024 मध्ये टेक्सासला पूर्ण कृत्रिम हृदय ‘बायव्हॅकोर’ पहिल्यांदा माणसात बसवलं. त्याआधी जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतच जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका माणसात सुमारे दोन महिने चाललं. हे सगळं पुढे जावं. पण भारतात वर्षाला जेमतेम अडीचशे हृदयं बदलली जातात आणि हृदय निकामी झालेली माणसं लाखांत आहेत. कुठल्याही पेटीनं, पंपानं ही दरी भरणार नाही.

म्हणून ही रांग लागते कुठे, तेही पाहायला हवं. प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णांचं एक कारण स्नायूचा आजार आणि दुसरं मोठं कारण आधी येऊन गेलेला, उशिरा उपचार मिळालेला हृदयविकाराचा झटका. धमनी बंद झाली की तिच्यापुढचा स्नायू मरू लागतो. पहिल्या तासा-दोन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा ॲन्जिओप्लास्टी मिळाली तर स्नायू वाचतो. सहा तासांनी आलेला माणूस जगतोही, पण अर्धं हृदय मेलेलं घेऊन. पाच-सात वर्षांनी त्याला धाप लागते, पाय सुजतात, आणि कुणीतरी डॉक्टर प्रत्यारोपणाचा शब्द काढतो.

हे सहा तास सराफ्यासारख्या ठिकाणी कसे जातात, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. रात्रीचे अकरा. पन्नाशीतला माणूस गराडू, खोपरा पॅटिस, वर मावा बाटी खाऊन उभा आहे. छातीत जळजळतं, घाम येतो, डावा खांदा अवघडतो. बरोबरचे सगळे एकमुखानं सांगतात, गॅस झालाय. सोडा आणला जातो, कुणी हिंग-ओवा काढतं. ढेकर येते, जरा बरं वाटतं, माणूस घरी जाऊन झोपतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कधी कधी दुखतही नाही धड, नुसता थकवा आणि मळमळ. खाल्ल्यावरची जळजळ पुष्कळदा खरंच गॅस असते. पण घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं यांतलं काहीही सोबत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी काढायला हवा, सोडा पिऊन वाट पाहू नये. एमवाय हॉस्पिटल तिथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. ऑटोनं गेलं तरी चालेल, पण जावं.

आणि कधी माणूस तिथेच कोसळतो. हृदय थरथरतं, रक्त थांबतं. इथं चार तास नसतात, चार मिनिटं असतात. त्यानंतर मेंदू मरू लागतो. दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रात्री साडेदहाला बडा सराफ्यात गर्दी इतकी असते की दुचाकीही आत येत नाही. 108 ची गाडी राजवाड्यापाशी आली तरी स्ट्रेचर आत यायला वेळ जाणार. म्हणजे त्या चार मिनिटांत जे करायचं ते शेजारी उभ्या असलेल्यानंच करायचं. उताणं झोपवायचं, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत न थांबता. दमलं की दुसऱ्यानं हात घालायचा. बरगडी मोडेल या भीतीनं लोक थांबतात. मोडली तर जुळते. झटका देणारं छोटं यंत्र, एईडी, जवळ असेल तर ते उघडल्यावर काय करायचं हे स्वतःच बोलून सांगतं, आणि गरज नसेल तिथे झटका देत नाही. आपल्या विमानतळांवर ते भिंतीवर लावलेलं दिसतं.

या शहरानं एका पेटीसाठी विमानतळापर्यंतचा रस्ता काही मिनिटांत मोकळा करायला शिकून घेतलं. दहा वर्षांत वाहतुकीचा हवालदार, रिक्षावाला, चौकातला पानवाला सगळे त्यात तयार झाले. सराफ्यात तर माणसंही तीच ती असतात. दहीबडेवाले, जिलेबीवाले, शिकंजीवाले, त्यांची पोरं, रात्री एक-दोनपर्यंत रोज त्याच जागी. दिवसा सराफी पेढ्यांत बसणारे कारागीरही तेच. दुकानागणिक दोन जणांना तासाभराचं प्रशिक्षण पुरतं. एमजीएमचे भूल विभागातले डॉक्टर ते देऊ शकतात. एक एईडी सराफा ठाण्यात ठेवावं आणि एक छोट्या सराफ्याच्या तोंडाशी. गल्लीच्या मधोमध दोन हात रुंद पट्टा रिकामा ठेवायचा, सिलिंडर त्या पट्ट्यात येऊ द्यायचे नाहीत, हे व्यापाऱ्यांनी आपसात ठरवायचं. यातल्या कशालाही पेटीइतके पैसे लागत नाहीत, आणि हिवाळ्यात गराडूची गर्दी वाढायच्या आधी ते करून टाकता येईल.